२९ फेब्रुवारी १९००

१९०० सालच्या फेब्रुवारीला २९ तारीख होती. पंचांगकर्त्यांना तिचा पत्ता नाही, पोप ग्रेगरीच्या हिशेबात ती बसत नाही (शतकाच्या वर्षाला चारशेने भाग जायला हवा, हे शाळेत सगळ्यांकडून घोकून घेतात) आणि त्या दिवशी जन्मलो असं सांगणारा माणूसही कुणाला भेटलेला नाही. तरी एक्सेल उघडा, एका चौकटीत साठ हा आकडा लिहा आणि त्याची तारीख करून मागा. २९ फेब्रुवारी १९०० निमूटपणे समोर येते.

चूक मुळात एक्सेलची नाही. १९८३ साली लोटस १-२-३ नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर आलं, त्याने १९०० हे लीप वर्ष धरलं. पुढे मायक्रोसॉफ्टला लोटसची गिऱ्हाइकं ओढायची होती. जुन्या फाइली आपल्याकडे उघडल्या आणि तारखा एका दिवसाने सरकल्या तर गिऱ्हाईक बिथरणार, म्हणून सामानाबरोबर चूकही उचलली. मॅकिन्टॉशवरच्या एक्सेलने मात्र मोजणी १९०४पासून सुरू केली. म्हणजे एकाच कंपनीची दोन पंचांगं, आणि दोहोंत १४६२ दिवसांचं अंतर. विंडोजवरच्या एक्सेलला १९००च्या आधीचा काळ तर मान्यच नाही. २३ जुलै १८५६ असं लिहा; त्याला ती तारीख वाटत नाही, नुसती अक्षरं वाटतात. लोकमान्यांचा जन्म त्याच्या लेखी झालेलाच नाही. एकोणिसाव्या शतकावर पीएच.डी. करणाऱ्यांनी सनावळी वहीतच मांडलेली बरी.

घरातली भानगड घरात राहिली असती तर तिच्यावर सदर लिहायचं कारण नव्हतं. पण २००६च्या डिसेंबरात ही न उगवलेली तारीख एका मानकात लिहिली गेली आणि २००८ साली त्या मानकावर आयएसओने शिक्का मारला. चुकीला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळण्याचे प्रसंग इतिहासात पुष्कळ आहेत. पण तिला कलम-उपकलमांसह क्रमांक मिळण्याचा मान थोड्याच चुकांना मिळतो.

हे घडलं कसं, ते ऐका. २००५ सालच्या मे महिन्यात ओएसिस या संस्थेने ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट, म्हणजे ओडीएफ, मंजूर केला. पत्र, तक्ता, सादरीकरण कसं साठवायचं याचे नियम छापून मोकळे केले. ज्याला हवं त्याने त्याबरहुकूम सॉफ्टवेअर लिहावं. पुढच्या वर्षी आयएसओनेही तो स्वीकारला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने त्याच सुमारास ठरवलं, की सरकारी कागद इथून पुढे अशा खुल्या प्रकारातच ठेवायचे. नागरिकांचा कागद वाचायला नागरिकांनी एका विशिष्ट दुकानातून चष्मा का घ्यावा, एवढाच त्यांचा सवाल. मग राज्याचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख पीटर क्विन यांच्या प्रवासखर्चाच्या बातम्या वर्तमानपत्रात आल्या. चौकशी झाली. ते निर्दोष ठरले. आणि राजीनामा देऊन घरी गेले. आपल्याकडे अशा वेळी नुसती बदली होते; लोकशाही जुनी असली की पद्धती जरा वेगळ्या असतात.

एखादं सरकार खुलं मानक मागू लागलं, तर दुसरं सरकारही मागेल. तेव्हा मायक्रोसॉफ्ट कंपनीलाही खुलेपणाची उबळ आली. तिने आपल्या ऑफिसचा नवा प्रकार, म्हणजे ज्याच्या शेपटीला आपण डॉक्स-एक्सेलेसेक्स म्हणतो तो, एक्मा या युरोपातल्या संस्थेपुढे मांडला. तिथे वर्षभरात तो मंजूर झाला आणि जलद मार्गाने आयएसओकडे गेला. पानं सहा हजारांवर. ओडीएफची सातशेच्या आसपास होती. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९मध्ये हाती घेतलं ते १९६६मध्ये पुरं केलं. या सहा हजार पानांची चिकित्सा करायला देशोदेशींच्या समित्यांना मिळाले पाच महिने.

आणि त्या पानांत होतं काय? पुष्कळ काही होतं, त्यातलं बरंचसं रास्तही होतं. पण मधूनच अशी नावं येत : ‘ऑटोस्पेस-लाइक-वर्ड९५’, ‘लाइनरॅप-लाइक-वर्ड६’, ‘फुटनोट-लेआउट-लाइक-डब्ल्यूडब्ल्यू८’. म्हणजे फाइलीत ही खूण दिसली, की तुमच्या सॉफ्टवेअरने वर्ड ९५ जशी जागा सोडायचं तशी सोडायची, जुनं वर्ड तळटीप जिथे बसवायचं तिथे बसवायची. ते नेमकं कसं बसवायचं? तर त्या जुन्या सॉफ्टवेअरचं वागणं पाहून तसं वागावं, ते शब्दांत मांडता येण्याजोगं नाही, असा एकूण आशय. पाककृतीच्या पुस्तकात ‘आमटी सासूबाई करायच्या तशी करावी’ एवढंच लिहावं आणि सासूबाई दुसऱ्याच्या असाव्यात, अशातला प्रकार.

आता मतदान. स्वीडनमध्ये २००७च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मानक संस्थेच्या समितीत बैठकीच्या तोंडावर एकाएकी नवे सभासद भरती झाले. शुल्क भरलं, मत दिलं. त्यांतले पुष्कळसे कंपनीचे व्यावसायिक भागीदार होते आणि भागीदारांना बदल्यात ‘विपणन साहाय्य’ देऊ करणारा एका कर्मचाऱ्याचा ईमेल बाहेर आला. कंपनीने तो पाठवल्याचं मान्य केलं आणि ती त्या कर्मचाऱ्याची चूक होती असं सांगितलं. अखेर एका सभासदाने एकाहून जास्त मतं दिल्याचं कारण दाखवून ते मतदानच रद्द झालं. सहकारी साखर कारखान्याची निवडणूक जवळून पाहिलेल्या वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. सभासद नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात कोणाला कोणत्या संस्थेबद्दल अचानक जिव्हाळा दाटून येईल, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. स्टॉकहोमला ते पहिल्यांदा कळलं.

सप्टेंबर २००७च्या त्या फेरीत प्रस्ताव पडला. मग २००८च्या फेब्रुवारीत जिनिव्हात पाच दिवसांची बैठक बसली. आक्षेपांवरची हजारावर उत्तरं पुढ्यात होती. त्यांतल्या बहुतेकांवर चर्चा न होता एकगठ्ठा मतदान झालं. एप्रिलच्या २ तारखेला आयएसओने जाहीर केलं, की मानक मंजूर. एक दिवस आधी केलं असतं तर लोकांनी तारखेकडे पाहून सोडून दिलं असतं. नॉर्वेत तांत्रिक समितीच्या २३ पैकी १३ सदस्यांनी त्या वर्षी निषेध म्हणून राजीनामे दिले. जुन्या खोडी ‘ट्रान्झिशनल’ नावाच्या कप्प्यात ठेवल्या आणि शुद्ध भाग ‘स्ट्रिक्ट’ म्हणून वेगळा काढला. संक्रमणकाळ संपला की सगळे स्ट्रिक्टकडे जातील, अशी आशा. आज तुम्ही वर्डमध्ये फाइल साठवता ती मुकाट्याने ट्रान्झिशनलमध्येच जाते. संक्रमणकाळ चालू आहे.

भारताने काय केलं? अभिमानाने सांगण्यासारखं आहे. भारतीय मानक ब्युरो, जिला आपण हेल्मेटवरच्या आयएसआय शिक्क्यामुळे ओळखतो आणि चौकातला पोलीस दिसेपर्यंत विसरतो, तिने दोन्ही फेऱ्यांत ‘नाही’ म्हटलं. नुसतं म्हटलं नाही, निकाल लागल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांच्याबरोबर अपीलही केलं. ऑगस्टमध्ये अपील फेटाळलं गेलं. २०१०च्या नोव्हेंबरात केंद्राने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण आणलं : मानक खुलं हवं, कायम स्वामित्वशुल्काविना हवं. धोरण वाचायला उत्तम आहे.

म्हणजे जिनिव्हात आपण बाणेदार. आणि तालुक्याला? निविदेचा नमुना वर्डमध्ये. विद्यापीठाचं परिपत्रक सांगतं, सारांश वर्ड फाइलमध्येच पाठवावा. बदलीचे तक्ते एक्सेलमध्ये, आणि त्यातला मजकूर वाचता यावा म्हणून रकाने कसेही ओढलेले. कोणी ओडीएफमधली ओडीटी फाइल पाठवली, तर पलीकडून फोन येतो, ‘‘अहो सर, हे काय पाठवलंत? व्हायरस तर नाही ना?’’ मग सर वरमतात आणि पुन्हा पाठवतात. मी म्हणतो, यात त्या कारकुनाचा काय दोष? त्याला कोणी सांगितलंच नाही, की त्याच्या देशाने याच प्रश्नावर परदेशात जाऊन भांडण केलं होतं. ज्यांना माहीत होतं, ते आपल्या खात्याचा परवान्यांचा पुढचा करार नव्याने करत होते.

‘फाइल उघडते ना, मग झालं’ हे यावरचं लोकप्रिय उत्तर. उघडते खरीच. २०२० साली इंग्लंडमध्येही उघडत होती. कोविडच्या चाचण्यांचे निकाल गोळा करताना तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने ते एक्सेलच्या जुन्या एक्सेलेस प्रकारात ओतले. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढच्या मावत नाहीत. न मावलेल्या ओळींबरोबर १५,८४१ बाधित माणसं आकडेवारीतून गळाली आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेत कळवलं गेलं नाही. हा जुना प्रकार २००७ सालीच निवृत्त झाला होता. निवृत्तीनंतर तेरा वर्षं खुर्चीत बसून राहणं हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. गंमत अशी, की याच ब्रिटिश सरकारने २०१४च्या जुलैमध्ये ओडीएफ हे सरकारी कागदांच्या देवाणघेवाणीचं मानक म्हणून जाहीर केलं होतं. ओडीएफ वापरला असता तर हे टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. चुकीच्या भांड्यात ओतणाऱ्याला कोणतंही भांडं पुरत नाही. माझा मुद्दा एवढाच, की प्रकार हा प्रश्न कोणाला पडलेलाच नव्हता.

आता मराठीकडे येतो, कारण इथे आपण जगाच्या दोन पावलं पुढे आहोत. जगाची पेटी बंद असते. आपण पेटीतली अक्षरंसुद्धा कुलपात ठेवली.

नव्वदच्या दशकात मराठी डीटीपी फोफावलं तेव्हाची व्यवस्था आठवा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम : दुकानागणिक वेगळं घराणं. युक्ती अशी होती, की संगणकाला वाटावं आपण इंग्रजी अक्षरं साठवतोय. त्या अक्षरांच्या जागी फॉन्टमध्ये मराठीचे तुकडे बसवलेले. काना एका खणात, मात्रा दुसऱ्यात, रफार तिसऱ्यात, अर्धा श कुठेतरी डॉलरच्या खुणेशेजारी. कोणता तुकडा कोणत्या खणात, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. पर्याय नव्हता असंही नाही म्हणता येत, कारण इस्की नावाचं भारतीय मानक १९९१ सालीच छापून तयार होतं आणि युनिकोडही त्याच वर्षी अवतरलं. पण तेव्हाच्या छपाईला लागणारी सुबक वळणं, जोडाक्षरं, उभी मांडणी ही या घराण्यांकडेच होती, आणि रविवारची पुरवणी मानकांसाठी थांबत नाही. त्यामुळे त्या काळच्या कारागिरांना मी दोष देत नाही. त्यांनी मराठी छापून दाखवली. नंतर वीस वर्षं ज्यांनी तेच चालू ठेवलं, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

परिणाम असा. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला, की स्वल्पविराम, कंस, टक्केवारीच्या खुणा आणि इंग्रजी व्यंजनांचा तो चिवडा, जो प्रत्येक मराठी संपादकाने एकदा तरी डोळे फाडून पाहिला आहे. कन्व्हर्टर मिळतात, त्यांतून बाहेर येताना ‘दुसऱ्या’तला अर्धा र हमखास लंगडतो आणि पहिली वेलांटी एक घर सरकते. कितीतरी दिवाळी अंक, प्रबंध, समित्यांचे अहवाल अशा सीडींवर पडून आहेत. पुनर्मुद्रण काढायचं तर छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टंकून घेणं अनेकदा सोपं पडतं. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा कागद आजही वाचता येतो, त्याच मजकुराची फाइल नाही. शोधायचं तर नावच काढू नका. शोधयंत्राला त्यात मराठीचं एक अक्षर दिसत नाही.

२००९ साली केंद्राने भारतीय भाषांसाठी युनिकोड ५.१ आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या हे सरकारी मानक ठरवलं. आवृत्तीचा आकडा मराठीने लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘ॲप’मधल्या ॲला स्वतंत्र जागा त्याच आवृत्तीत, २००८ साली, मिळाली. तोवर अ-वर चंद्र ठेवायला गेलं की खाली ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ यायचं. तरीही आजसुद्धा डॉक्स फाइल येते, वर सांगितलेल्या आयएसओ २९५०० मानकाबरहुकूम, बाहेरून सगळं शास्त्रशुद्ध. आणि आत मजकूर जुन्या फॉन्टातला. सोबत निरोप : ‘फॉन्ट जोडला आहे, टाकून घ्या.’ सोवळं नेसून हॉटेलात जेवावं, तसं हे आंतरराष्ट्रीय मानक आमच्याकडे येऊन बाटतं.

खुल्या पक्षाचे लोक इथवर मान डोलावत असतील, तर त्यांनी जरा थांबावं. ओडीएफची पहिली आयएसओ आवृत्ती आली तेव्हा तक्त्यांतली सूत्रं कशी लिहायची, हे तिच्यात धड सांगितलेलंच नव्हतं. तक्त्याच्या मानकात सूत्रच नाही! ते २०११च्या १.२ आवृत्तीत आलं. मायक्रोसॉफ्टने याचा उपयोग झकास केला. २००९ साली ऑफिस २००७मध्ये ओडीएफ उघडण्याची सोय दिली, तेव्हा इतर सॉफ्टवेअरने बनवलेल्या तक्त्यांतली सूत्रं गळायची आणि नुसते आकडे उरायचे. नियमावर बोट ठेवून काम अडवण्याची ही कला आपल्या मंत्रालयातच जन्मली असा माझा समज होता. शिवाय खुल्या पक्षाची सभा नेहमी वीस जणांची, त्यांतले सात जण कोणतं लिनक्स बरं यावर वाद घालून उठून गेलेले. म्युनिक शहराने मोठ्या निर्धाराने लिनक्स आणि खुलं ऑफिस घेतलं आणि २०१७ साली नगरसभेने विंडोजकडे परतायचं ठरवलं. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये तीस हजार कर्मचाऱ्यांना लिब्रेऑफिस या खुल्या सॉफ्टवेअरकडे नेण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांना यश चिंतू या. केरळने शाळांतून खुलं सॉफ्टवेअर इतकी वर्षं चालवून दाखवलं. तिथल्या मुलांना व्हायरसची शंका आल्याचं ऐकलं नाही.

आमच्याकडे एक मानक मात्र मनापासून पाळलं जातं : पीडीएफ. २००८पासून तेही आयएसओचंच आहे, खुलं आहे, तक्रारीला जागा नाही. फक्त ते पाळण्याची आमची रीत न्यारी. युनिकोडमध्ये नीट टाइप केलेलं पत्र आधी छापायचं. त्यावर सही, शिक्का, जावक क्रमांक. मग ते जरा तिरपं ठेवून स्कॅन करायचं आणि संकेतस्थळावर चढवायचं. अक्षरांचं चित्र झालं. ना शोधता येत, ना कॉपी करता येत, ना अंध माणसाच्या यंत्राला वाचून दाखवता येत. आंतरराष्ट्रीय मानकाचं पालन शंभर टक्के.

ताजी खबर स्वदेशीची. २०२५च्या सप्टेंबरात केंद्रीय माहिती-तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर केलं, की दस्तऐवज, तक्ते आणि सादरीकरणांसाठी आपण आता झोहोवर जात आहोत. कंपनी भारतीय, माल चांगला, आनंदच आहे. तिच्या सॉफ्टवेअरमधून डॉक्सही काढता येते आणि ओडीटीही. तेव्हा इथून पुढे मंत्रालयांचे कागद दोहोंपैकी कशात जतन व्हायचे, की तिसऱ्याच कशात, आणि २०१०चं धोरण त्याबद्दल काय म्हणतं, एवढंच विचारायचं राहिलं. दुकान बदलल्याच्या आनंदात कोणी विचारल्याचं ऐकिवात नाही. एखाद्या चिकट नागरिकाने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला हरकत नाही. उत्तर येईल. जरा तिरपं असेल, मान वाकडी करून वाचायचं.